बटणचं पाणी कुणी भरायचं

ससा घरात आला त्या संध्याकाळी कवळीताई भांडी घासत होती. दार धाडकन उघडलं आणि तिच्यासोबत राहणारी चिमणी पाठमोरी आत आली. दोन्ही हातांत खोकं असल्यामुळे दार तिने पाठीनेच ढकललं होतं. खोक्याच्या झाकणाला पेनाने भोकं पाडली होती.

"ताई, डोळे मीट."

"हात साबणाचे आहेत माझे. काय आहे ते सांग."

"डोळे मिटायला हात कशाला लागतात?"

हे खरं होतं. कवळीताईने डोळे मिटले. उघडले तेव्हा जेवणाच्या टेबलावर, अगदी तिच्या ताटाच्या जागी, एक करडा ससा बसला होता आणि नाक हलवत तिच्याकडे बघत होता.

"याचं नाव बटण. नाक बघ ना, कोटाचं बटणच!"

"कुणाचा आहे हा?"

"आपला!" चिमणी म्हणाली. मग कवळीताईच्या कपाळावर चढलेल्या आठ्या बघून घाईघाईने म्हणाली, "म्हणजे माझा. तुला काहीसुद्धा करावं लागणार नाही, ताई. तू फक्त लाड कर."

लाड चिमणीने केले. बाकी सगळं कवळीताईच्या गळ्यात पडलं. पण ते एकदम पडलं नाही, एकेक चमचा करत पडलं, म्हणून तिच्या लक्षात यायला उशीर झाला.

कवळीताई हे नाव तिला कामावरून पडलं होतं. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचे ठसे घेऊन पाठवत आणि दोन रस्ते पलीकडच्या एका तळमजल्यावरच्या कार्यशाळेत बसून ती त्या ठशांवरून मेणात एकेक दात बसवत असे. एकोणीस वर्षं तिने हेच केलं होतं. दात केसभर पुढे आला तर माणूस बोलताना शिट्टी वाजते, केसभर मागे गेला तर गाल आत जातात, हे तिला माहीत होतं. आणि जगातली बहुतेक माणसं केसभराची पर्वा करत नाहीत, हेही माहीत होतं. तिचं वय त्रेचाळीस. लग्न केलं नव्हतं, त्याचं दुःखही नव्हतं. तीन भावंडांत ती थोरली. धाकट्या भावाचे शाळेचे नकाशे तिने काढले, बहिणीच्या वह्यांना कव्हरं तिने घातली, आणि आई प्रत्येक वेळी म्हणायची, "तूच कर गं, तुझ्या हातून नीट होतं." लहानपणी तिला ते कौतुक वाटायचं. ती सापळ्याची खिटी आहे हे कळेपर्यंत ती चांगली तिशीत आली होती.

चिमणी तिच्याहून सोळा वर्षांनी लहान. एका मोठ्या दुकानात अत्तरांच्या काउंटरवर उभी राहायची. येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनगटावर फुस्स करून फवारा मारायचा आणि गोड हसायचं, हे तिचं काम. ते ती उत्तम करायची. दीड वर्षापूर्वी कवळीताईची जुनी सोबतीण दुसऱ्या गावी गेली तेव्हा खोली बघायला पाचसहा मुली येऊन गेल्या, आणि त्यांत चिमणीच कवळीताईला आवडली. आली तीच बडबडत, स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभी राहून "इथून ढग किती जवळ दिसतात" म्हणाली. तिच्यामुळे घरात हसणं आलं, ते कवळीताई कधी नाकारत नसे.

पण चिमणीला एक खोड होती. ती कशालाच नाही म्हणायची नाही. "कचरा खाली नेशील का?" हो ताई. "नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन केलास?" करते ताई, आत्ता करते. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. जे माणूस मान डोलावून, गळ्यात हात टाकून, तुझं अगदी बरोबर आहे म्हणतं आणि मग ते करतच नाही, त्याच्याशी काय करायचं हे कवळीताईला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस बटणचे दिवस होते. चिमणीने त्याच्यासाठी पिंजरा आणला, निळी गादी आणली, पाण्याची बाटली आणली. बाटलीच्या नळीच्या टोकाला एक धातूची गोळी होती. सशाने जीभ लावली की ती टकटक वाजायची आणि पाणी यायचं. चिमणी त्याला मांडीवर घेऊन दिवसाला तीसचाळीस फोटो काढायची. दुकानातल्या मैत्रिणी बघायला आल्या. मग नवी खरेदी जुनी झाली.

एका सकाळी कवळीताईला बाटली रिकामी दिसली. चिमणी आंघोळीला गेली होती. भरायला किती वेळ लागतो? तिने भरली. दुसऱ्या दिवशीही भरली. तिसऱ्या आठवड्यात पिंजऱ्यातला ओला भुसा तिने बदलला, कारण वास तिच्या खोलीपर्यंत यायला लागला होता. चिमणी संध्याकाळी घरी आली ती मोगऱ्याचा आणि आणखी कसकसला दरवळ घेऊन. नाकात दिवसभर अत्तर भरलेलं असल्यामुळे तिला घरातला वास येतच नसे.

"अय्या, ताई, तू केलंस? किती गं गोड आहेस! मी उद्या करणारच होते."

तो "उद्या" कवळीताईने खूप वाट बघूनही बघितला नाही.

तिने फ्रिजवर वेळापत्रक लावलं. सोमवारी भुसा, रोज सकाळी पाणी, दोन वेळा सुकं गवत, संध्याकाळी अर्धा तास पिंजऱ्याबाहेर. शेजारी बरोबरची खूण करायला चौकोन आखले. चिमणीला ते फार आवडलं. तिने वेळापत्रकाच्या कोपऱ्यात सशाचं चित्र काढलं, आणि पहिल्या तीन दिवसांच्या खुणा एकदम केल्या, त्यातली एक परवाची होती.

"परवाची खूण आज कशी केलीस?"

"म्हणजे मी करणारच आहे ना ताई, म्हणून."

गवत संपलं की चिमणी बटणला बिस्किटं घालायची. बटण ती दोन पायांवर उभा राहून घ्यायचा, त्यामुळे फोटो छान यायचे. कवळीताईने पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या सशांवरचं एक पुस्तक चाळलं होतं. सशाला मुख्य खाणं सुकं गवत, हे त्यात पहिल्याच पानावर होतं. तिने सांगितलं. हो ताई. तिने चिठ्ठी लावली. चिठ्ठीखाली चिमणीने एक बदाम काढला.

घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. त्या एका रविवारी जिना चढून वर आल्या, गुडघे धरून दारात उभ्या राहिल्या आणि कवळीताईलाच म्हणाल्या, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही वयाने मोठ्या. जिन्यात केवढा वास येतोय."

"ससा माझा नाही, मावशी."

"मग घर कुणाच्या नावावर दिलंय मी?"

चिमणी आतल्या खोलीत होती. मावशी गेल्यावर बाहेर आली आणि हळहळून म्हणाली, "उगीच तुला बोलल्या गं. मला फार वाईट वाटलं." मग केस बांधून सिनेमाला गेली. कवळीताई गुडघ्यांवर बसून फरशी घासत राहिली. घासताना ती मनातल्या मनात भाषण करत होती. भाषण फर्मास झालं. ऐकायला फक्त ससा होता, आणि त्याने तिच्या चपलेचा पट्टा कुरतडून दोन तुकडे केले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कवळीताईला बटण आवडत नव्हता. त्याचे डोळे दोन बाजूंना असल्यामुळे तो आपल्याकडे बघतोय की नाही हे कळत नसे. त्याने टेलिफोनची वायर खाल्ली होती, टेबलाचा पाय खाल्ला होता. ती त्याचं सगळं करायची ते मायेने नाही, तर एखादा नळ वाहत असला की पुढे जाताना तो बंद करावासा वाटतो तसं. हाताला सवयच ती.

कार्यशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर प्लास्टरकाका बसायचे. डॉक्टरांकडून आलेल्या ठशांत प्लास्टर ओतून साचे काढायचं काम त्यांचं. कोपरापर्यंत कायम पांढरे. कवळीताई चहाच्या सुट्टीत रोज सशाची ताजी बातमी द्यायची, आणि ते रोज कप फुंकत ऐकायचे. एक दिवस म्हणाले, "तू करतेस ना, म्हणून ती करत नाही."

"मी नाही केलं तर कोण करेल?"

"तेच बघ की. एक आठवडा हात लावू नकोस. घाण होऊ दे, वास येऊ दे. नाकातोंडाशी आलं की आपोआप हलेल."

पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, कवळीताईने हात आवरला. उठली, चहा घेतला, पिंजऱ्याकडे न बघता कामाला गेली. दिवसभर मेणात दात बसवताना तिला पिंजराच दिसत होता. संध्याकाळी आली तर सगळं जसंच्या तसं. बुधवारी बाटलीत तळाशी बोटभर पाणी होतं. बुधवारी संध्याकाळी तेही नव्हतं. ती टेबलाशी वर्तमानपत्र उघडून बसली आणि बटण बाटलीला जीभ लावू लागला. टकटक. टकटक. टकटक. पाणी नव्हतं तरी गोळी वाजत होती. तो थांबायचा, थोडा वेळ बघायचा, पुन्हा लावायचा.

चिमणी सात वाजता आली. पिंजऱ्यापाशी वाकली. "काय रे बटणू, कंटाळलास होय?" म्हणाली, एक फोटो काढला, आणि फोनवर बोलत आपल्या खोलीत गेली.

कवळीताईने वर्तमानपत्राची एकच ओळ चार वेळा वाचली. मग उठली आणि बाटली भरली. संप चिमणीशी होता, तहान सशाला लागत होती. बटण इतका वेळ प्यायला की तिला मान दुसरीकडे वळवावी लागली. संप मोडल्याबद्दल प्लास्टरकाका दुसऱ्या दिवशी तिला काही बोलले नाहीत. फक्त "अरेरे" म्हणाले, आणि त्याचा तिला जास्त राग आला.

असे दहा महिने गेले. अकराव्या महिन्यात चिमणीच्या दुकानातल्या सगळ्यांनी समुद्रावर जायचं ठरवलं. शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत. नेमकं त्याच शनिवार-रविवारी कवळीताईला भावाकडे जायचं होतं. आईचे डोळे तपासून आणायचे होते, तारीख दीड महिन्यापूर्वी ठरली होती.

"मग बटणचं काय?"

"माझी मैत्रीण येणार आहे ना. ती उंच. शनिवारी सकाळी, संध्याकाळी, रविवारी सकाळी. सगळं सांगितलंय तिला."

"किल्ली दिलीस?"

"हो ताई."

"गवत कुठे ठेवलंय ते दाखवलंस?"

"ताई, तू ना, अगदी काळजीचं पोतं आहेस. हो, हो, हो!" चिमणीने तिच्या गालाचा मुका घेतला आणि पिशवी उचलली.

शनिवारी पहाटे निघताना कवळीताईने तरीही बाटली काठोकाठ भरली, गवताचा ढीग घातला. भावाकडे आईचे डोळे तपासले, औषधं आणली, भावाच्या घरातली लटकलेली पडद्याची दांडी बसवली. रविवारी दुपारी परत आली, दार उघडलं, दिवा लावायला हात भिंतीकडे नेला आणि तिथल्या खिळ्यावर तिला जादा किल्ली लटकताना दिसली. जी उंच मैत्रिणीकडे असायला हवी होती, ती.

पिंजऱ्याकडे जायला तिला धीर होईना. गेली.

गवत तसंच होतं. पाणीही फारसं उतरलं नव्हतं. म्हणजे खाणंपिणं होतं, पण त्याने तोंडच लावलं नव्हतं. बटण कोपऱ्यात अंग आक्रसून बसला होता, कान पाठीला चिकटवून. हनुवटीखालची लव ओली, चिकट. खाली एकही लेंडी नव्हती. कवळीताईने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं, तेव्हा तो पळायला धडपडलासुद्धा नाही. तिने अंगठ्याने त्याचा वरचा ओठ हळूच वर केला आणि तिच्या तोंडून "अरे देवा" निघालं.

दुसऱ्यांच्या तोंडांचे ठसे बघण्यात तिचा जन्म गेला होता. पण या तोंडात अकरा महिन्यांत तिने एकदाही डोकावलं नव्हतं. सशाचे पुढचे दात वाढून खालचे वरच्यांच्या पुढे आले होते आणि वरचे आत वळून टाळूला टेकायला आले होते. चावा जुळतच नव्हता. समोर गवताचा डोंगर असून त्याला एक काडी तोडता येत नव्हती. बिस्किटं मऊ, ती कशीबशी गिळता यायची, म्हणून इतके दिवस निभावलं.

रविवारी उघडा असलेला जनावरांचा दवाखाना बसने पाऊण तासावर होता. ती खोकं पोटाशी धरून गेली. बाकावर तिच्या शेजारी एक आजोबा म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन बसले होते. कुत्र्याचे केस विंचरलेले, पट्टा स्वच्छ. तिने आपल्या खोक्याकडे बघितलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, पांढरे केस बारीक कापलेल्या, दोन दिवस झोपल्या नसाव्यात अशा. त्यांनी बटणचं तोंड उघडून आत बारकासा दिवा धरला.

"काय खायला घालता?"

"गवत... पण बिस्किटंही—"

"बिस्किटं." त्यांनी तो शब्द चिमटीत धरून टाकल्यासारखा टाकला. "सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजतात. तुम्ही त्याला बिस्किटं घातलीत. दाढांनाही टोकं आलीत, जिभेला जखम आहे. किती दिवस लाळ गळतेय?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही. घरातच असतो ना तो?"

"डॉक्टर, तो माझा नाही. माझ्या सोबतिणीचा आहे, ती—"

"इथे येणारा प्रत्येक माणूस मला हेच सांगतो. पुतण्याचा आहे, भाडेकरूचा आहे, शेजारणीचा आहे. पाळायची हौस असेल तर करायची तयारी हवी. आणखी एक दिवस गेला असता तर तुम्ही रिकामं खोकं घेऊन गेला असतात."

अकरा महिने जिने पाणी भरलं, भुसा बदलला, घरमालकिणीचं ऐकलं, तिलाच ही बाई बोलत होती! आणि जिला बोलायला हवं ती वाळूत पाय पसरून बसली असेल. पण खोक्यातला जीव बघून तिने तोंड मिटलं. तिला आणखीही एक गोष्ट बोचत होती. दात तिने बघायला हवे होते. दुसऱ्या कुणी नसतील बघितले, पण तिने?

बटणला गुंगी देऊन दात घासून बेताचे केले. तिथे वापरलेलं फिरतं यंत्र कवळीताईच्या टेबलावरच्या यंत्राचंच धाकटं भावंड होतं. तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी बिनसुईच्या पिचकारीने पातळ लापशी त्याच्या गालात कशी सोडायची ते दाखवलं. दर तीन तासांनी. कवळीताईचे हात बघून त्या जरा निवळल्या. "हात चांगले आहेत तुमचे. काय करता?"

"कवळ्या."

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. मग एका कागदावर फोन नंबर लिहून दिला. "एक बाई आहेत. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यात, ससे सांभाळतात. तुमच्या त्या सोबतिणीला सांगा, जमत नसेल तर जमत नाही म्हणावं. त्यात लाज नाही."

सोमवारी कवळीताईने रजा घेतली. एकोणीस वर्षांत आजारपण सोडून तिची ही पहिली रजा. दुपारी बटणने कोथिंबिरीची एक काडी स्वतःहून ओढली आणि चावली, तो कुरुकुरु आवाज ऐकून तिने लगेच दुसरी काडी पुढे केली.

संध्याकाळी चिमणी आली. नाक उन्हाने लाल, हातात शिंपल्यांची माळ. "ताई, तुझ्यासाठी!"

कवळीताईने खिळ्यावरच्या किल्लीकडे बोट केलं.

चिमणीने बघितलं. तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई. तिला द्यायची राहूनच गेली... मला वाटलं दिली... आणि ती तरी, फोन नाही का करायचा?" मग कवळीताईने सगळं सांगितलं, आवाज न चढवता, तारखेवार. चिमणी पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसली आणि रडायला लागली. ते रडणं खोटं नव्हतं. खांदे गदगदत होते, शेंबूड येत होता. "मी किती वाईट आहे, ताई. मी राक्षसीण आहे."

कवळीताई सवयीने उठली, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली, "अगं, नाही गं" म्हणाली, आणि मध्येच तिचा हात थांबला. हे काय चाललंय? ससा मरता मरता वाचला, बोलणी मी खाल्ली, लापशी मी भरवतेय, आणि समजूतही मीच घालायची?

तिने हात काढून घेतला.

"ऊठ. तोंड धू. बटणला आता दुसऱ्या घरी द्यायचं."

"नाही! ताई, प्लीज. उद्यापासून मी—"

"उद्या म्हणू नकोस." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "हा नंबर. फोन तू करायचास. रजा तू काढायचीस, खोकं तू उचलायचंस. मी बरोबर येईन, पण बोलणार नाही. आणि तोवर दर तीन तासांनी लापशी. एकदा दाखवते, मग तू."

चिमणीने पहिल्यांदा भरवली तेव्हा अर्धी लापशी बटणच्या कानात गेली. कवळीताई ओट्याची कड घट्ट धरून उभी राहिली आणि तिने पिचकारी हिसकावून घेतली नाही. त्या आठवड्यात तिने केलेलं सगळ्यात अवघड काम तेच.

बटण नीट खायला लागल्यावर, पुढच्या शनिवारी दोघी गेल्या. टपालवाल्या बाईंचं घर बैठं, मागे कुंपण घातलेली हिरवळ. आत चार ससे होते, त्यातला एक आंधळा. बाई ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी समोर वही उघडली आणि पार्सल नोंदवून घ्यावं तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"वय?"

चिमणीने कवळीताईकडे बघितलं. कवळीताईने खिडकीबाहेर बघितलं.

"दीड वर्ष... असेल."

"असेल? दिवसाला गवत किती खातो?"

"माहीत नाही."

"पाणी?"

"माहीत नाही."

"भुसा कुठला लागतो, लाकडाचा की कागदाचा?"

कागदाचा, कागदाचा! कवळीताईच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. लाकडाच्या भुशाने त्याला शिंका येतात, हे शोधायला तिला दोन आठवडे लागले होते. तिने जीभ दाताखाली धरली. चिमणीचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"मला खरंच काही माहीत नाही," ती म्हणाली. "ताईच सगळं करायची."

बाईंनी चष्म्यावरून दोघींकडे बघितलं. "बरं. घाबरतो कशाला?"

चिमणीने मान वर केली. "छत्री उघडली की. आणि हात वरून आणला की दचकतो. बाजूने आणायचा, असा, गालाकडून, मग कपाळावर. मग दात हळूच वाजवतो, म्हणजे बरं वाटतंय. आणि शिट्टी वाजवलेली आवडते त्याला. खालच्या सुरातली." तिने वाजवून दाखवली. खोक्यातून दोन कान वर आले.

कवळीताई थक्क झाली. यातलं तिला एक अक्षर ठाऊक नव्हतं. अकरा महिने ती पिंजऱ्यात हात घालत होती, तो वरूनच.

बाईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. चिमणीने बटणला दोन्ही हातांनी उचलून त्यांच्याकडे दिलं, आणि या वेळी रडली नाही.

परतताना बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. नंतरचे आठ दिवस चिमणी कामापुरतं बोलली. कवळीताईला वाटलं होतं की मोकळं मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. सकाळी कामाला जाताना दहा मिनिटं उरायची, तेवढंच.

नवव्या दिवशी चहा पिताना चिमणीच म्हणाली, "तू मला कधी सरळ रागावलीच नाहीस. चिठ्ठ्या लावल्यास, उसासे सोडलेस, भांडी आपटलीस. मला वाटायचं, ताईला करायला आवडतं, वर बोलायलाही आवडतं."

ते झोंबलं, कारण त्यात थोडं खरं होतं. कवळीताईने कप खाली ठेवला. "बरोबर आहे. मी पहिल्या महिन्यातच बोलायला हवं होतं. पण चिमणे, तहानलेल्या जिवाला पाणी द्यायला कुणी रागवायला लागतं का?"

चिमणीने मान खाली घातली. बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत राहिली. कवळीताईही मग जास्त ताणत बसली नाही.

चार महिन्यांनी चिमणी दुकानाजवळ खोली घेऊन गेली. भांडण होऊन नाही. सकाळची धावपळ वाचते म्हणाली, आणि ते खरं असावं. जाताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, जरा अवघडून. ती महिन्यातून एकदा टपालवाल्या बाईंकडे जाते, हिरवळ साफ करायला, असं कवळीताईला बाईंच्याच फोनवरून कळलं. न सांगता येते, न चुकता येते म्हणाल्या. कवळीताईने ऐकलं आणि तिला बरंही वाटलं आणि पुन्हा एकदा जुना रागही आला: हेच घरी का नाही जमलं?

"तुम्हीही या की कधी," बाई म्हणाल्या. "चांगला गुबगुबीत झालाय."

"बघते," कवळीताई म्हणाली. ती गेली नाही. तिला ससे आवडत नाहीत.